सफरचंदाचे वाण निवडताना: चवीच्या आधी विचारायचे प्रश्न

सफरचंदाचे झाड लावायचे ठरले की बहुतेक जण शेवटाकडून सुरुवात करतात. बाजारातून आणलेले एखादे सफरचंद आवडलेले असते, त्याचे नाव डोक्यात बसते आणि त्याच नावाचे रोप शोधायला माणूस निघतो. चव महत्त्वाची आहेच, पण निवडीच्या रांगेत तिचा नंबर शेवटचा. आधी तुमच्या जागेचा हिवाळा, मग वसंतातल्या थंड रात्री, मग परागीभवनासाठी जोडीदार, मग जमिनीखालचा खुंट (ज्यावर कलम बांधतात ते मुळांचे झाड), मग रोग. या पाच चाळण्यांतून जी नावे खाली उतरतील, त्यांतून आवडीची चव निवडायची. हाच क्रम उलटा केला तर झाड जगते, वाढते, दिसते छान, आणि फळ मात्र देत नाही. असे झाड वर्षानुवर्षे जपणाऱ्यांची निराशा मी पाहिली आहे, म्हणून हे सविस्तर लिहितो आहे.

एक गोष्ट सुरुवातीलाच. आवडलेल्या सफरचंदाच्या बिया पेरून तेच सफरचंद मिळत नाही. प्रत्येक बी म्हणजे दोन वेगवेगळ्या झाडांचा नवा संकर असतो आणि बहुतेक वेळा फळ लहान, आंबट किंवा बेचव निघते. क्वचित त्यातून सोनेही निघते. १८६८ च्या सुमारास ऑस्ट्रेलियात मारिया अ‍ॅन स्मिथ यांच्याकडे आपोआप उगवलेल्या रोपातून ग्रॅनी स्मिथ हे वाण मिळाले. पण त्या आशेवर बाग लावू नका. जगभरातले प्रत्येक ग्रॅनी स्मिथ हे त्या एका झाडाच्या काडीपासून कलम होत होत आलेले आहे. तुम्हीही कलमच लावायचे.

१. आधी काय काय जवळ हवे

रोपवाटिकेत पाय ठेवण्यापूर्वी एवढी तयारी करा:

- तुमच्या भागातल्या गेल्या काही हिवाळ्यांच्या तापमानाच्या नोंदी. हवामान केंद्राच्या मिळाल्या तर उत्तम. शिवाय स्वतःच्या जागेवर किमान-कमाल तापमान दाखवणारा तापमापक लावा, कारण उताराच्या तळाशी आणि माथ्यावर दोन-तीन अंशांचा फरक सहज पडतो.
- माती परीक्षणाचा अहवाल. सामू (पीएच) ६ ते ७ च्या दरम्यान असेल तर काळजी नाही.
- जागेचा साधा नकाशा. ऊन कुठून येते, भिंत कुठे, पाणी कुठे साचते, एवढे त्यावर दिसले पाहिजे.
- आसपास कोणाकडे सफरचंदाची किंवा शोभेच्या क्रॅब अ‍ॅपलची झाडे आहेत, त्यांची यादी. ही यादी का हवी ते चौथ्या टप्प्यात कळेल.
- एक टेप, एक कुदळ आणि एक वही.

कुदळ निचरा तपासण्यासाठी. जिथे झाड लावायचे तिथे साधारण ६० सेंटिमीटर खोल खड्डा घ्या, पाण्याने भरा, जिरू द्या, पुन्हा भरा. दुसऱ्या दिवशीही तळाशी पाणी उभे असेल तर ती जागा सफरचंदाला बरी नाही. एक तर जागा बदला, नाही तर उंच वाफा करून त्यावर लावा. पाण्यात उभ्या राहणाऱ्या मुळांना कोणतेही वाण वाचवू शकत नाही.

२. हिवाळा मोजा

सफरचंदाचे झाड हिवाळ्यात पाने गाळून झोपते आणि त्याला ठरावीक थंडी मिळाल्याशिवाय नीट जागे होत नाही. ही थंडी तासांत मोजतात. साधारणपणे ० ते ७ अंश सेल्सिअसच्या दरम्यान गेलेला प्रत्येक तास धरायचा आणि पूर्ण हिवाळ्याची बेरीज करायची. मध्येच ऊबदार दिवस आले तर मिळालेली थंडी काही प्रमाणात वाया जाते, म्हणून नुसत्या रात्रीच्या आकड्यांवर जाऊ नका.

आता वाणांकडे या. मॅकिंटॉश, रेड डिलिशस, हनीक्रिस्प यांना ८०० ते १००० तास किंवा त्याहून जास्त थंडी लागते. गाला, फुजी, ग्रॅनी स्मिथ, क्रिप्स पिंक यांचे काम साधारण ४०० ते ६०० तासांवर होते. इस्रायलमध्ये तयार झालेली अ‍ॅना आणि आइन शेमर, तसेच बहामात सापडलेले डॉर्सेट गोल्डन यांना २००-३०० तासही पुरतात. हिमाचल प्रदेशातल्या बिलासपूर जिल्ह्यातले शेतकरी हरिमन शर्मा यांनी निवडलेले एचआरएमएन-९९ हे वाणही याच कमी थंडीच्या गटातले. वेगवेगळ्या रोपवाटिकांच्या याद्यांत हे आकडे पुढेमागे दिसतील. त्याने गोंधळू नका. तुम्हाला अचूक आकडा नको आहे, गट कोणता तेवढे हवे आहे.

थंडी कमी पडल्याची खूण ओळखायला सोपी आहे. वसंत उलटून गेला तरी फांद्यांच्या टोकांनाच पानांचे झुपके आणि मधली फांदी उघडी, फुले एकदम न येता महिनाभर तुरळक उमलत राहणे. आसपास कोणाच्या झाडाची अशी अवस्था दिसली तर त्याच्या वाणाचे नाव विचारून वहीत लिहा आणि त्यावर काट मारा.

सापळा: "कमी थंडी लागणारे वाण म्हणजे सगळीकडे चालणारे वाण" हा समज. ते खरे नाही. कडक हिवाळ्याच्या जागी अ‍ॅना लावली तर तिची झोप लवकर पुरी होते, पहिल्या ऊबदार आठवड्यात ती फुलते आणि पुढच्या थंडीत फुले जळतात. हिवाळा लांब असेल तर जास्त तास लागणारे वाणच तुमच्या कामाचे. शिवाय तापमान फारच खाली जात असेल तर झाडाचा काटकपणा हा वेगळा प्रश्न विचारावा लागतो. तिथे अँटोनोव्हका, मॅकिंटॉश, हनीक्रिस्प अशी थंडी सोसणारी नावे बघा.

३. फुलांच्या वेळची थंडी आणि मोसमाची लांबी

झोपलेली कळी बरीच थंडी सोसते, उमललेले फूल सोसत नाही. पूर्ण फुललेल्या अवस्थेत तापमान साधारण उणे २.२ अंशांवर अर्धा तास राहिले तर दहातले एखादे फूल मरते. उणे ३.९ च्या आसपास दहातली नऊ जातात. म्हणजे दीड-दोन अंशांच्या फरकावर वर्षाचे पीक अवलंबून असते.

अशा रात्रीनंतर झाड वरून ठणठणीत दिसते, पाकळ्या पांढऱ्याशुभ्र असतात. एक फूल तोडून नखाने मधोमध चिरून बघा. आतला स्त्रीकेसर आणि बुडाची गाठ हिरवी असेल तर फूल जिवंत आहे, तपकिरी-काळी झाली असेल तर त्या फुलाचे फळ होणार नाही. वेगवेगळ्या फांद्यांवरची दहा-वीस फुले अशी तपासली की नुकसानीचा अंदाज त्याच दिवशी येतो. थंड हवा जड असल्याने खालच्या फांद्यांवर मार जास्त दिसतो. सखल, बंदिस्त कोपऱ्यात ही हवा साचते, म्हणून तिथे झाड लावूच नका. दुसरी जागाच नसेल तर उशिरा फुलणारी वाणे शोधा. रोम ब्यूटी बरीच उशिरा फुलते, आणि युरोपातले फार जुने कोर पांदू प्ला तर सगळ्यांच्या शेवटी.

दुसऱ्या टोकाला पिकण्याचा काळ. फूल आल्यापासून फळ तयार व्हायला गालाला साधारण चार महिने लागतात, ग्रॅनी स्मिथला साडेपाच ते सहा आणि क्रिप्स पिंकला जवळजवळ २०० दिवस. तुमच्याकडे शेवटच्या गोठवणाऱ्या रात्रीपासून पुढच्या पहिल्या गोठवणाऱ्या रात्रीपर्यंत किती दिवस मिळतात ते मोजा. दिवस कमी असतील तर उशिरा पिकणारे वाण झाडावर कच्चेच राहील, मग त्याची कीर्ती कितीही असो.

४. जोडीदार शोधा

या टप्प्यावर सगळ्यात जास्त लोक अडकतात, त्यामुळे इथे घाई करू नका.

बहुतेक सफरचंदांना स्वतःच्या परागकणांनी फळ धरत नाही. दुसऱ्या वाणाचे परागकण लागतात आणि ते मधमाश्या किंवा इतर कीटकांनी आणून द्यावे लागतात. तेव्हा "एकच झाड लावायला जागा आहे" असे म्हणताना आसपासची झाडे मोजायलाच हवीत. शेजारच्या आवारात जोडीचे झाड असेल तर तुमचे काम झाले. जोडीदार १५ ते २० मीटरच्या आत असावा, म्हणजे मधमाशी एका फेरीत दोन्हीकडे जाते.

जोडीदारासाठी तीन अटी आहेत.

पहिली, दोघांची फुले एका वेळी उमलली पाहिजेत. रोपवाटिका वाणांचे फुलण्याच्या वेळेनुसार गट करतात: लवकर, मध्यम, उशिरा, किंवा आकड्यांनी. आपला गट आणि त्याच्या लगतचे दोन गट चालतात. ग्रेव्हनस्टाइन लवकरच्या गटातले, गाला, गोल्डन डिलिशस, फुजी मध्यम, रोम ब्यूटी उशिराची. अगदी लवकरचे आणि अगदी उशिराचे असे दोघे लावले तर त्यांची भेटच होत नाही.

दुसरी, दोन्ही खरोखर वेगळी वाणे असली पाहिजेत. गाला आणि रॉयल गाला ही नावे दोन, पण परागीभवनाच्या हिशेबात झाड एकच. रॉयल गाला हा गालाच्याच फांदीवर निपजलेला जास्त लाल प्रकार आहे. रेड डिलिशसचेही तसेच. स्टार्किंग, रेड चीफ, ओरेगॉन स्पर हे सगळे तिच्याच पोटातले प्रकार, ते एकमेकांना फळ धरवू शकत नाहीत. याद्यांत ही नावे स्वतंत्र वाणांसारखी छापलेली असतात, त्यामुळे फसगत होते. जवळच्या नात्यातही अडचण येते. जोनागोल्डचा जन्म गोल्डन डिलिशस आणि जोनाथन यांच्या संकरातून झाला, आणि गोल्डन डिलिशस एरवी इतका चांगला परागदाता असूनही जोनागोल्डला मात्र चालत नाही.

तिसरी अट त्रिगुणित वाणांची. नेहमीच्या सफरचंदात गुणसूत्रांचे दोन संच असतात, मिळून ३४. काही वाणांत तीन संच, म्हणजे ५१ असतात. जोनागोल्ड, ब्रॅम्लीज सीडलिंग, मुत्सू, ग्रेव्हनस्टाइन, ब्लेनहाइम ऑरेंज ही त्यांतली नामांकित. यांची झाडे जोमदार, फळे मोठी, पण परागकण निकामी. त्यांना दुसऱ्याचे परागकण लागतात आणि ती कोणाला परत देऊ शकत नाहीत. म्हणून त्रिगुणित वाण हवे असेल तर त्याच्यासोबत एकमेकांना चालणारी दोन नेहमीची वाणे लागतात, म्हणजे एकूण तीन झाडे. फक्त दोन झाडांची जागा असेल तर ही नावे बाजूला ठेवा.

जागा अगदीच थोडी असेल तर क्रॅब अ‍ॅपल हा उत्तम मार्ग आहे. एव्हरेस्ट, जॉन डाउनी, गोल्डन हॉर्नेट यांची फुले भरपूर आणि बरेच दिवस टिकणारी असतात, त्यामुळे पुष्कळ वाणांना ती पुरतात. एकाच झाडावर दोन-तीन वाणांची कलमे केलेली "फॅमिली" झाडेही मिळतात. ती घेताना वाणे सारख्या जोमाची आहेत का ते विचारा. नाही तर दोन-तीन वर्षांत दांडगे वाण बाकीच्यांना झाकून टाकते आणि छाटणी करणाऱ्याने नकळत नेमकी जोडीदाराचीच फांदी कापली तर सगळाच उद्देश संपतो.

"स्वफलित" असे लेबल लावलेली वाणेही आहेत. गोल्डन डिलिशस आणि जेम्स ग्रीव्ह थोडेफार स्वतःच्या परागकणांवर धरतात. पण जोडीदार मिळाला तर त्यांचीही फळे वाढतात आणि आकार सुधारतो. हे तुम्हाला स्वतःच्या डोळ्यांनी बघता येते. सफरचंद आडवे कापा. मधल्या चांदणीत पाच कप्पे असतात आणि साधारणपणे प्रत्येकात दोन बिया. सगळे कप्पे भरलेले असतील तर फळ चहूबाजूंनी गोल असते. एका अंगाचे कप्पे रिकामे किंवा बिया पोचट असतील तर फळही त्या अंगाने बसके, वाकडे वाढलेले दिसते. बागेतली बरीच फळे अशी निघाली तर खत वाढवून काही होणार नाही, जोडीदार किंवा मधमाश्या कमी पडत आहेत. आणि फुलोऱ्यात कीटकनाशक फवारू नका, कोणी कितीही खात्री दिली तरी.

५. खुंट: लेबलवरचे दुसरे नाव

कलम म्हणजे दोन झाडे. वरची काडी फळाची जात ठरवते, खालचा खुंट झाडाची उंची, फळ किती लवकर येणार आणि कोणत्या जमिनीत तग धरणार हे ठरवतो. माझे स्पष्ट मत आहे की घरच्या बागेत खुंटाची निवड वाणाइतकीच, काही वेळा वाणापेक्षाही महत्त्वाची असते. तरीही रोप विकत घेताना हा प्रश्न विचारणारे थोडेच.

खुंटांची जी अक्षरे-आकडे दिसतात त्यांतला "एम" म्हणजे इंग्लंडमधले ईस्ट मॉलिंग संशोधन केंद्र. "एमएम" मालिका मॉलिंग आणि मर्टन इथल्या संशोधन केंद्रांनी मिळून, मुळांवर बसणाऱ्या लोकरी मावा या रस शोषणाऱ्या किडीला तोंड देण्यासाठी तयार केली.

एम २७ वर झाड जेमतेम दीड-दोन मीटरचे होते. कुंडीत किंवा अगदी छोट्या वाफ्यात चालते, पण मुळे इतकी कमजोर की पाणी-खताची हयगय सोसत नाही. एम ९ वर दोन ते तीन मीटर, दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी फळ, जगभरातल्या दाट लागवडीच्या बागांचा हा आवडता खुंट. त्याला जन्मभर आधार लागतो, मुळे ठिसूळ असतात आणि फळांनी लगडलेले झाड वाऱ्यात मुळासकट आडवे होते. खांब नको असेल तर एम ९ घेऊ नका. एम २६ त्याहून थोडा मोठा. एमएम १०६ वर साधारण साडेतीन ते पाच मीटर, तिसऱ्या-चौथ्या वर्षी फळ. मध्यम बागेसाठी हा चांगला पर्याय, फक्त पाणथळ जमिनीत त्याच्या बुंध्याला कूज लागते. एमएम १११ आणखी मोठा, पाण्याची ओढ आणि भारी जमीन बऱ्यापैकी सोसणारा. एम २५ वर पूर्ण वाढीचा वृक्ष होतो, सहा मीटरच्या पुढे, फळासाठी पाच-सहा वर्षे थांबायची तयारी हवी आणि काढणीला शिडी. अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठाच्या जिनिव्हा केंद्रातून आलेले "जी" मालिकेचे खुंट, उदाहरणार्थ जी ४१, फायर ब्लाइट या जिवाणूजन्य रोगाला चांगले तोंड देतात. कोवळ्या वयात जी ४१ चा जोड नाजूक असतो, त्यामुळे लावताच आधार बांधा.

अंतराचा हिशेब सोपा ठेवा: झाडाची अपेक्षित उंची जेवढी, साधारण तेवढेच दोन झाडांतले अंतर.

सापळा: "बुटके झाड" एवढेच लिहिलेले लेबल. दीड मीटरही बुटके आणि चार मीटरही कोणासाठी बुटकेच. खुंटाचे नाव सांगता येत नसेल तर ते रोप घेऊ नका. दुसरा सापळा लागवडीचा. कलमाचा जोड, म्हणजे बुंध्यावरची ती जाडसर वाकडी गाठ, जमिनीच्या वर १० ते १५ सेंटिमीटर राहिली पाहिजे. ती मातीखाली गेली की वरच्या काडीला स्वतःची मुळे फुटतात, खुंटाचा ताबा सुटतो आणि तुमचे तीन मीटरचे झाड भराभर उंच होऊ लागते.

खुंट वाणाच्या जोमाशीही जुळला पाहिजे. ब्रॅम्ली किंवा मुत्सूसारखे दांडगे वाण एम ९ वर आटोक्यात राहते. मुळातच मंद वाढणारे वाण हलक्या जमिनीत एम २७ वर लावले तर ते वाढायचेच विसरते.

६. तुमच्याकडचे रोग कोणते

सगळ्या रोगांची यादी पाठ करायची गरज नाही. तुमच्या भागात नेमका कोणता रोग त्रास देतो एवढे जवळच्या बागायतदाराला विचारा.

वसंत-उन्हाळा ओला असेल तर पहिला शत्रू स्कॅब, म्हणजे पानांवर आणि फळांवर काळपट खरबरीत डाग पाडणारी बुरशी. मॅकिंटॉश आणि गाला तिला लवकर बळी पडतात. लिबर्टी, एंटरप्राइझ, फ्लोरिना, टोपाझ, गोल्डरश ही वाणे स्कॅबला दाद न देण्यासाठीच तयार केलेली आहेत. यांतल्या बहुतेकांची प्रतिकारशक्ती मॅलस फ्लोरिबुंडा या रानटी सफरचंदातून आलेल्या एकाच जनुकावर टिकून आहे, आणि युरोपात काही ठिकाणी बुरशीने ती भेदलीही आहे. म्हणून प्रतिकारक वाण असले तरी गळलेली पाने झाडाखालून उचलायची सवय ठेवा. बुरशी त्यांतच हिवाळा काढते.

फुलोऱ्यात ऊबदार आणि दमट हवा असणाऱ्या भागात फायर ब्लाइटचा धोका असतो. कोवळे शेंडे जळाल्यासारखे काळे होऊन आकड्यासारखे वाकतात. जोनाथन, गाला, फुजी, क्रिप्स पिंक इथे कच्चे. रेड डिलिशस, लिबर्टी, एंटरप्राइझ बऱ्यापैकी टणक. कोरड्या हवेत भुरीचा, म्हणजे पानांवर पांढरी भुकटी आणणाऱ्या बुरशीचा त्रास जास्त, आणि जोनाथन तिलाही लगेच धरतो. आसपास ज्युनिपरची (सूचिपर्णी) झाडे असतील तर तांबेऱ्याचाही विचार करा, कारण त्या बुरशीला जगायला दोन्ही झाडे लागतात. गोल्डन डिलिशस आणि गोल्डरश त्यात सापडतात.

फवारणी करायची नसेल तर ही चाळणी सगळ्यात बारीक ठेवा. रोगप्रतिकारक म्हणजे कीडप्रतिकारक नव्हे, हेही लक्षात असू द्या. फळ पोखरणारी कॉडलिंग मॉथची अळी लिबर्टीही तितक्याच आवडीने खाते.

७. आता चव, आणि ती कधी व किती दिवस हवी

इथपर्यंत यादीत पाच-दहा नावे उरली असतील. आता मोकळेपणाने आवड सांगा, पण एक प्रश्न आधी: त्या सफरचंदांचे करणार काय?

लवकर पिकणारी वाणे, जशी डिस्कव्हरी किंवा यलो ट्रान्सपरंट, झाडावरून तोडून त्याच आठवड्यात खायची. ती ताजी असताना अप्रतिम लागतात आणि थोड्याच दिवसांत पिठूळ होतात. एकट्या कुटुंबाने अशी दोन मोठी झाडे लावली तर पंधरवडाभर फळांचा पूर आणि मग काहीच नाही. उशिराची वाणे उलट. फुजी, ग्रॅनी स्मिथ, गोल्डरश थंड जागी महिनोनमहिने टिकतात, आणि गोल्डरश तर तोडताना खूप आंबट असते, साठवणीत तिची चव खुलते. तोडल्या तोडल्या चाखून तिला नावे ठेवू नका.

शिजवायला आम्लाचा जोर लागतो. ब्रॅम्ली शिजली की मऊ लगदा होतो, गोल्डन डिलिशसच्या फोडी शिजूनही आकार धरून राहतात. दोन्हींना आपापले काम आहे. सायडर, म्हणजे सफरचंदाचे आंबवलेले पेय, करायचा असेल तर डॅबिनेट, किंग्स्टन ब्लॅक अशी तुरट वाणे लागतात, ती नुसती खाता येत नाहीत.

दोन सवयी निवडीआधी विचारून घ्या. हनीक्रिस्प आणि फुजी यांना एक वर्ष भरघोस, पुढचे वर्ष रिकामे अशी खोड असते. फळे सुपारीएवढी असताना प्रत्येक झुपक्यात एकच ठेवून विरळणी केली तर ती आटोक्यात राहते. ते काम दरवर्षी होणार नसेल तर दुसरे वाण घ्या. आणि भिंतीलगत, तारेवर पसरवून झाड वाढवायचे असेल तर आखूड फळकाड्यांवर धरणारे वाण हवे. काही वाणे, जशी वूस्टर पिअरमेन, फांदीच्या टोकाला फळ धरतात. त्यांची टोके छाटली की पुढच्या वर्षीचे पीकही गेले.

शक्य असेल तर वाण चाखून निवडा, तेही झाडावर पिकलेले. शीतगृहातून आलेल्या फळावरून वाणाची खरी ओळख होत नाही.

८. रोपवाटिकेत

विक्रीचे नाव आणि वाणाचे नाव यांत फरक असतो. पिंक लेडी हे विक्रीचे नाव, वाण क्रिप्स पिंक. जॅझ नावाने विकले जाणारे वाण सायफ्रेश, कॉस्मिक क्रिस्पचे डब्ल्यूए ३८. अशी काही वाणे फक्त परवाना असलेल्या बागायतदारांनाच मिळतात, त्यामुळे त्यांचे स्वस्त रोप कोणी पुढे केले तर संशय घ्या. हक्क राखीव असलेल्या वाणाची काडी घेऊन स्वतः कलमे करून विकणे कायद्यात बसत नाही. परदेशातून काड्या किंवा रोपे आणायची तर आयात परवाना आणि वनस्पती आरोग्य प्रमाणपत्र दोन्ही लागतात. सामानात लपवून आणलेली काडी अख्ख्या प्रदेशात रोग पसरवू शकते.

रोप घेताना हे मागा:

- बिलावर वाण आणि खुंट, दोन्हींची नावे
- विषाणूमुक्त किंवा प्रमाणित मातृवृक्षापासून कलम केल्याचा दाखला
- फुलण्याचा गट आणि त्रिगुणित आहे का, याचे उत्तर
- वाण चुकीचे निघाल्यास बदलून देण्याची लेखी हमी, कारण चूक कळायला फळ येईपर्यंत वाट बघावी लागते

रोप एक वर्षाचे, सरळ, जोड नीट भरलेला असे घ्या. मोठ्या रोपाचा मोह टाळा. एक वर्षाचे रोप लवकर रुजते आणि हवा तसा आकार देता येतो. कुंडीतले असेल तर बाहेर काढून बघा, मुळे गोल गुंडाळलेली असतील तर परत ठेवा. उघड्या मुळांची रोपे झाड झोपेत असतानाच लावायची आणि तोवर मुळे ओलसर ठेवायची. जुने सफरचंद काढले त्याच खड्ड्यात नवे लावू नका, त्या मातीत नव्या मुळांची वाढ खुंटते.

९. यादी पक्की करताना

दोन झाडांची जागा आणि मध्यम हिवाळा असेल तर गाला व फुजी ही साधी, जुळणारी जोडी. फुलतात बरोबर, पिकतात महिना-दीड महिन्याच्या अंतराने. ओल्या, रोगट हवेत, फवारणी नको असेल तर लिबर्टी आणि एंटरप्राइझ. अगदी कमी थंडीत अ‍ॅना आणि डॉर्सेट गोल्डन, एकमेकांना पूरक म्हणून कित्येक वर्षांपासून बरोबरच लावली जातात. विक्रीसाठी बाग असेल तर कोणत्याही एका वाणावर सगळी जमीन लावू नका, आणि परागदाता वाण एका कोपऱ्यात न कोंबता ओळींमध्ये विखरून ठेवा.

लावल्याच दिवशी नकाशावर प्रत्येक झाडाचे वाण, खुंट आणि तारीख लिहा. रोपाबरोबर आलेला कागदी पट्टा दोन पावसांत पुसला जातो, म्हणून अ‍ॅल्युमिनियमच्या पट्टीवर खिळ्याने नाव कोरून ती आधाराच्या खांबाला बांधा. झाडालाच बांधायची तर तार सैल ठेवा आणि दरवर्षी छाटणीच्या वेळी ती आणखी सैल करा. विसरलेली तार दोन-तीन वर्षांत सालीत रुतून फांदी मारते.